बर्फात राहून वजन वाढले कसे?

प्रश्न (सातारा) : नॉर्वेचा शोधक फ्रिट्यॉफ नान्सेन उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि पंधरा महिने त्याचा पत्ता नव्हता. सापडला तेव्हा त्याचे वजन निघताना होते त्यापेक्षा वाढलेले होते, असे वाचनात आले. ध्रुवीय मोहीम म्हटली की उपासमार आणि गोठलेली बोटेच आठवतात. मग हे खरे, की मागाहून कोणी रचलेली गोष्ट?

उत्तर : खरे आहे, आणि ते खुद्द नान्सेननेच लिहून ठेवले आहे. १७ जून १८९६ रोजी तो आणि त्याचा साथीदार यालमार योहान्सेन हे दोघे आर्क्टिकमधल्या फ्रान्झ योझेफ लँड या द्वीपसमूहात फ्रेडरिक जॅक्सन या इंग्रज शोधकाच्या तळावर पोहोचले. तिथे वजन करून पाहिले तर नान्सेन सुमारे १० किलोंनी आणि योहान्सेन सुमारे ६ किलोंनी वाढलेला! चौदा मार्च १८९५ ला जहाज सोडल्यापासून दोघांनी उघड्या बर्फात, तंबूत आणि दगडांच्या झोपडीत दिवस काढले होते.

याचे थेट कारण म्हणजे अस्वलाचे मांस, वॉलरसची चरबी आणि दिवसाचे वीस-वीस तास झोप. पण एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. त्याच बर्फाने इतरांचे काय केले ते पाहा. १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिनबरोबर गेलेल्या १२९ जणांपैकी एकही परतला नाही. १८८१ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅडॉल्फस ग्रीली याने २५ जण नेले, त्यातले शेवटी सहाच जगले आणि बाकीच्यांचा बळी मुख्यतः उपासमारीने घेतला. या लोकांत धैर्य कमी नव्हते. नान्सेनचा वेगळेपणा असा, की धैर्याची गरजच कमी पडावी अशी तजवीज तो आधी करायचा. एकदाच त्याने ही शिस्त मोडली, त्याबद्दल पुढे.

प्रश्न : त्याने जहाज मुद्दाम बर्फात अडकवले म्हणतात. हा वेडेपणा नव्हे का?

उत्तर : त्या काळच्या बहुतेक जाणकारांना तसेच वाटले. आत्ताच ज्याचे नाव आले त्या ग्रीलीने तर हा बेत म्हणजे आत्मनाश आहे, असे छापून सांगितले. नान्सेनच्या हाती मात्र एक पुरावा होता.

‘जीनेट’ हे अमेरिकन जहाज १८८१ च्या जून महिन्यात सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडाले. तीन वर्षांनी त्याच जहाजावरच्या काही वस्तू ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडल्या, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या माथ्यापलीकडे. हेन्रिक मोन या नॉर्वेजियन हवामानशास्त्रज्ञाने त्यावरून तर्क मांडला, की सैबेरियाकडून ग्रीनलंडकडे सबंध आर्क्टिक समुद्र ओलांडणारा प्रवाह असला पाहिजे. तो लेख वाचून नान्सेनच्या मनात आले, की वस्तू वाहत जातात तर जहाज का जाणार नाही?

अडचण एकच होती. बर्फाच्या दाबाने जहाजे फुटतात. त्यावर कॉलिन आर्चर या जहाजबांधणी करणाऱ्याने ‘फ्राम’ची रचना केली. बूड गोलाकार, बाजू गुळगुळीत, सुकाणू आणि पंखा वर ओढून घेता येणारे. ओल्या साबणाची वडी मुठीत आवळली की वर निसटते, तसे दोन्ही बाजूंनी बर्फाने दाबले की हे जहाज वर उचलले जाई. लांबी अवघी ३९ मीटर, रुंदी ११ मीटर. अशी पिंपासारखी बांधणी उघड्या समुद्रात मात्र भयंकर डोलायची आणि खलाशांना मळमळून यायचे. ओकच्या जाड लाकडाच्या भिंतींना आतून रेनडिअरचे केस, नमदा आणि बुचाचे थर लावले होते. विजेचे दिवे पवनचक्कीवर चालत. पुस्तकांचा मोठा साठा होता आणि खाण्यात इतके वैविध्य होते, की माणसे जाड होत चालल्याची नोंद नान्सेनने जहाजावरच केली.

२४ जून १८९३ रोजी तेरा जणांची ही मोहीम ख्रिस्तियानियाहून, म्हणजे आजच्या ऑस्लोहून, निघाली; तेरावा माणूस वाटेत ट्रोम्सोला चढला. सप्टेंबर संपता संपता जहाज सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात गच्च बसले. तीन वर्षांनी ते स्पिट्सबर्गेन बेटाच्या उत्तरेला अखंड बाहेर आले आणि तेराच्या तेरा माणसे घरी परतली. तर्क बरोबर ठरला होता.

प्रश्न : इतके सुरक्षित जहाज असताना ते सोडून चालत जाण्याची गरज काय होती?

उत्तर : गरज नव्हती, ओढ होती. बर्फाबरोबर फ्राम पुढे जात होते, पण कधी वायव्येला, कधी मागे, कधी जागच्या जागी. वर्षभरात नान्सेनला कळून चुकले, की जहाज ध्रुवाच्या बरेच दक्षिणेकडून जाणार. माणसाला करण्यासारखे काही उरले नव्हते आणि नान्सेनसारख्याला तेच असह्य झाले. त्याने जहाज कप्तान ऑटो स्वेर्द्रुपच्या स्वाधीन केले आणि योहान्सेनला बरोबर घेतले. हा योहान्सेन उत्तम कसरतपटू. दुसरी जागा रिकामी नाही म्हणून फ्रामवर चक्क भट्टीत कोळसा टाकणारा म्हणून भरती झालेला.

आधीचे दोन प्रयत्न फसले. घसरगाड्या मोडल्या, ओझे फार झाले. अखेर १४ मार्च १८९५ रोजी ८४ अंश उत्तरेवरून दोघे निघाले. बरोबर २८ कुत्री, तीन घसरगाड्या, दोन कयाक. माणसांचे अन्न शंभर दिवसांचे, कुत्र्यांचे तीस दिवसांचे. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की पुढे काय होणार ते उघड आहे. तीस दिवसांनंतर कुत्र्यांना खायला घालायचे ते कुत्रेच. एकेक मारायचे आणि उरलेल्यांना घालायचे. शेवटी दोनच राहिले. उघड्या पाण्याजवळ पोहोचल्यावर कयाकमध्ये त्यांना नेणे शक्य नव्हते. तेव्हा नान्सेनने योहान्सेनचा कुत्रा गोळी घालून मारला आणि योहान्सेनने नान्सेनचा. आपापला मारण्याचा धीर दोघांनाही झाला नाही.

थंडी उणे चाळीस अंशांच्या आसपास. घामाने भिजलेले कपडे दिवसा चिलखतासारखे कडक होत. बाहीच्या गोठलेल्या कडेने नान्सेनची मनगटे सोलून निघाली आणि ते व्रण जन्मभर राहिले. रात्री झोपायच्या पोत्यात शिरले, की अंगाच्या उबेने तेच कपडे वितळून पुन्हा ओले होत. त्यात पायांखालचा बर्फ दक्षिणेला सरकत होता. दिवसभर उत्तरेला चालायचे आणि त्यातले बरेचसे अंतर प्रवाहाने परत घ्यायचे. ८ एप्रिल रोजी, ८६ अंश १४ मिनिटांच्या आसपास, ध्रुवापासून सुमारे ४२० किलोमीटर अलीकडे, नान्सेनने परत फिरण्याचे ठरवले. तोवर कोणीही माणूस इतक्या उत्तरेला गेलेला नव्हता.

परत फिरायचे म्हणजे फ्रामकडे नव्हे. वाहत गेलेले जहाज त्या विस्तारात शोधून सापडणे अशक्यच. म्हणून दक्षिणेची जमीन गाठायची. २४ जुलैला ती दिसली आणि ऑगस्टच्या अखेरीस थंडीने रस्ता अडवला.

प्रश्न : मग त्या झोपडीत सुमारे आठ महिने दोघांनी केले काय?

उत्तर : खाल्ले आणि झोपले. विनोद म्हणून सांगत नाही. जगण्याची तीच सर्वांत शहाणी पद्धत होती.

आज जॅक्सन बेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेटावर त्यांनी जमिनीत खड्डा केला. खोरे-कुदळ काही जवळ नव्हते. वॉलरसच्या खांद्याचे हाड काठीला बांधून खोरे झाले आणि सुळ्याची कुदळ झाली. दगडांच्या भिंती रचून फटी शेवाळाने बुजवल्या. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेला एक ओंडका आढे म्हणून बसवला आणि त्यावरून वॉलरसची कातडी ताणली. घर तयार झाले. लांबी सुमारे तीन मीटर, रुंदी त्याहून बरीच कमी. उंच नान्सेनला त्यात जेमतेम उभे राहता येई.

थंडी वाढण्याआधी त्यांनी अस्वले आणि वॉलरस मारून मांस-चरबीचा साठा केला. घसरगाडीच्या धावांना लावलेल्या पत्र्याचे दिवे बनवले, मलमपट्टीच्या कापडाच्या वाती केल्या आणि तेल म्हणून चरबी. त्याच दिव्यांवर उजेड, ऊब आणि स्वयंपाक. सकाळी उकडलेले अस्वल, संध्याकाळी तळलेले अस्वल, रोज. तरी खाण्याचा कंटाळा आला नाही, असे नान्सेन लिहितो. जहाजावरून आणलेले कोरडे अन्न त्यांनी वसंतातल्या प्रवासासाठी बाजूला ठेवले.

झोपडीच्या मध्यभागी तापमान गोठणबिंदूच्या आसपास राही आणि भिंतींवर हिमाचे थर चमकत. सुरुवातीला दोघे वेगवेगळे झोपून पाहिले, पण थंडीने पुन्हा एकाच पोत्यात आले. अंगाखाली दगड होते आणि ते अखेरपर्यंत टोचतच राहिले. वाचायला नाविक पंचांग आणि नौकानयनाची कोष्टके एवढेच. ती नान्सेनने पुन्हा पुन्हा वाचली. कोल्हे बाहेरच्या वस्तू पळवत, एकदा तापमापकही नेला. साबण नसल्याने काजळी आणि चरबी अंगावर साचली. कपडे धुण्यापेक्षा सुरीने खरवडणे बरे पडे, आणि खरवडून निघालेली चरबी दिव्यात जाई. नाताळचा सण म्हणून योहान्सेनने सदरा उलटा करून घातला.

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर हे सगळे चोख आहे. एका बाजूला चरबीतून भरपूर उष्मांक, दुसऱ्या बाजूला खर्च अगदी कमी. उन्हाळ्यात चालून चालून शरीराने जे गमावले होते ते भरून आले आणि वर उरले, तेच जॅक्सनकडे वजनात दिसले.

प्रश्न : भाजी नाही, फळ नाही, लिंबू नाही. मग स्कर्व्ही हा रोग कसा झाला नाही?

उत्तर : कारण ताज्या मांसात ‘क’ जीवनसत्त्व असते. प्रमाण थोडे, पण माणसाला स्कर्व्हीपासून वाचवायला पुरेसे, विशेषतः मांस ताजे असेल आणि फार शिजवलेले नसेल तर. बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला ते जमत नाही, त्याला ते अन्नातूनच मिळवावे लागते.

१८९६ मध्ये हे कोणालाच ठाऊक नव्हते. ‘क’ जीवनसत्त्व वेगळे करून ओळखले गेले ते १९३० च्या सुमारास. नान्सेनच्या काळी अनेक शास्त्रज्ञ स्कर्व्हीचे खापर खराब झालेल्या डबाबंद मांसातील विषावर फोडत. म्हणजे उपपत्ती चुकीची, पण तिच्यातून निघणारा सल्ला, ताजे खा, नेमका बरोबर.

शिवाय नान्सेनकडे पुस्तकी उपपत्तीपेक्षा भरवशाची माहिती होती. १८८८ मध्ये त्याने पाच साथीदारांसह ग्रीनलंडचा बर्फ पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडला होता. त्या सहांपैकी दोघे सामी या उत्तर स्कँडिनेव्हियातल्या मूळ जमातीचे होते. पलीकडे पोहोचेपर्यंत वर्षातले शेवटचे जहाज निघून गेले, म्हणून तो हिवाळा त्याने तिथल्या इनुइट लोकांत काढला. कयाक चालवायला, शिकार करायला आणि तिथले अन्न खायला तो त्यांच्याकडून शिकला. या लोकांना स्कर्व्ही होत नाही, हे तो डोळ्यांनी पाहून आला होता. अनेक युरोपीय शोधक याच लोकांना रानटी समजून शेजारून गेले आणि आपल्या डब्यांतले अन्न संपल्यावर मेले.

प्रश्न : एका पोत्यात दोन माणसे, तीही आठ महिने! भांडणे झाली नाहीत?

उत्तर : नान्सेनच्या म्हणण्याप्रमाणे तक्रार एकच होती, योहान्सेन घोरतो ही. त्यावर उपाय म्हणजे लाथ.

दोघांतले अंतर मात्र वेगळ्याच रीतीने टिकून होते. ते एकमेकांना अहो-जाहो करत. ऑगस्ट १८९५ मध्ये एका अस्वलाने योहान्सेनला खाली पाडले. अस्वलाचा गळा एका हाताने धरून त्याने कयाकमधली बंदूक शोधत असलेल्या नान्सेनला सांगितले, की जरा घाई केलीत तर बरे, नाहीतर उशीर होईल. तेही अदबीने. पुढे वर्षाखेरीला झोपडीत नान्सेनने सुचवले, की आता अरे-तुरे करायला हरकत नाही.

योहान्सेनचा शेवट दुःखद झाला. तो रोआल्ड आमुंडसेन या नॉर्वेजियन शोधकाबरोबर अंटार्क्टिकाला गेला. सप्टेंबर १९११ मध्ये दक्षिण ध्रुवाकडे घाईने काढलेली पहिली तुकडी कडाक्याच्या थंडीमुळे मागे फिरली, तेव्हा एका साथीदाराला त्याने जिवंत परत आणले आणि आमुंडसेनला सर्वांदेखत दोष दिला. आमुंडसेनने त्याला ध्रुवावर जाणाऱ्या गटातून वगळले. जानेवारी १९१३ मध्ये योहान्सेनने आत्महत्या केली.

प्रश्न : या सगळ्यात नशिबाचा भाग किती?

उत्तर : बराच. एप्रिल १८९५ मध्ये एके दिवशी थकून झोपलेल्या दोघांच्याही घड्याळांना चावी द्यायची राहिली आणि दोन्ही बंद पडली. वरवर क्षुल्लक गोष्ट. पण समुद्रावर रेखांश काढायचा तर अचूक वेळ लागते. वेळेत चार मिनिटांची चूक म्हणजे रेखांशात एका अंशाची चूक. त्या दिवसापासून आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत, हे त्यांना अंदाजानेच धरावे लागले. भरीला त्यांच्या नकाशावर दाखवलेली काही जमीन प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हती. फ्रान्झ योझेफ लँडच्या उत्तरेला ती असल्याचे १८७४ मध्ये युलिउस पायर या शोधकाने नोंदवले होते. दोघे ती शोधत राहिले.

१२ जून १८९६ रोजी एकत्र बांधलेले दोन्ही कयाक दोर सुटून वाऱ्याने वाहत निघाले. अन्न, बंदुका, दारूगोळा सगळे त्यांत. नान्सेन अंगावरचे काही कपडे काढून त्या पाण्यात पोहत गेला. हातपाय बधिर होऊ लागले होते, पण कसाबसा तो कयाकवर चढला. थरथरत परत येताना वाटेत त्याने दोन समुद्रपक्षीही टिपले, कारण रात्रीच्या जेवणाची सोय हवी होती. दोन-तीन दिवसांतच एका वॉलरसने सुळ्याने त्याचा कयाक फाडला. दुरुस्तीसाठी थांबावे लागले आणि त्या थांब्यातच कुत्र्यांचे भुंकणे कानावर आले.

ती कुत्री जॅक्सनची. फ्रामवर येण्याची इच्छा या जॅक्सनने पूर्वी कळवली होती आणि नॉर्वेजियन नाही म्हणून नान्सेनने त्याला नकार दिला होता. काजळीने काळ्याठिक्कर पडलेल्या माणसाला त्याने आधी ओळखलेही नाही. तो तिथे नसता तर दोघांना कयाकने स्पिट्सबर्गेन गाठावे लागले असते, आणि तेही आपण नेमके कुठे आहोत याची खात्री नसताना.

प्रश्न (मडगाव) : विज्ञानाला या मोहिमेतून काय मिळाले? आणि भारताचा आर्क्टिकशी आज काही संबंध आहे का?

उत्तर : मिळाले ते भरपूर. ध्रुवाभोवतीचा समुद्र उथळ असावा, असे तोवर बरेच जण मानत. फ्रामवरची खोली मोजायची दोरी तळाला लागेना, तेव्हा पोलादी दोरखंड उसवून लांब तार वळावी लागली आणि खोली ३,००० मीटरहून जास्त भरली. वरच्या गार पाण्याखाली अटलांटिकमधून आलेल्या उबदार पाण्याचा थर आहे, हेही तिथेच कळले. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता तिच्या उजवीकडे कलून वाहतो, हे नान्सेनने टिपले आणि पृथ्वीच्या परिवलनाशी त्याचा संबंध जोडला. स्वीडनच्या व्हॅगन एकमन याने त्याचे गणित मांडले. आजही समुद्रशास्त्राचा अभ्यास त्या ‘एकमन सर्पिला’वाचून पुरा होत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न तर तुमच्या शेजारचाच आहे. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र स्पिट्सबर्गेनवर ‘हिमाद्री’ हे संशोधन स्थानक चालवते. ते २००८ मध्ये सुरू झाले. २०१४ मध्ये तिथल्या काँग्सफ्योर्डनमध्ये ‘इंडआर्क’ ही पाण्याखालची वेधशाळा बसवण्यात आली. नान्सेनला सापडलेले तेच अटलांटिकचे उबदार पाणी त्या फ्योर्डमध्ये किती आणि कसे शिरते, हे तिच्या नोंदींतून समजते.

प्रश्न : शेवटी जहाज सोडून जाण्याचा फायदा काय झाला?

उत्तर : नकाशावर मोजायचे तर ३१ किलोमीटर. नान्सेन आणि योहान्सेन कुत्री मारत, मनगटे सोलून घेत ८६ अंश १४ मिनिटांवर पोहोचले. फ्राम नोव्हेंबर १८९५ मध्ये ८५ अंश ५७ मिनिटांपर्यंत आपोआप वाहत गेले आणि त्यावरची माणसे त्या वेळी उबेत बसून जेवत होती. मोलाच्या वैज्ञानिक नोंदीही बहुतेक जहाजावरच झाल्या. फ्राम बर्फातून मोकळे झाले तो दिवस १३ ऑगस्ट १८९६, आणि नान्सेन नॉर्वेच्या वार्डो बंदरात उतरला तोही नेमका तोच दिवस. म्हणजे घरी लवकर पोहोचण्याचाही फायदा नाही.

म्हणून माझे मत असे, की नान्सेनचे खरे कर्तृत्व जहाजाची कल्पना आणि झोपडीतला हिवाळा या दोन गोष्टींत आहे. ध्रुवाकडची धाव ही त्याच्याच शिकवणीविरुद्ध होती आणि ती निभावली त्यात नशिबाचा वाटा मोठा होता. पण जगाने डोक्यावर घेतले ते त्या धावेलाच. त्या कीर्तीचा उपयोग त्याने पुढे चांगला केला, हेही सांगायला हवे. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या वतीने त्याने चार लाखांहून अधिक युद्धकैद्यांना मायदेशी पाठवले. देश हरवलेल्या निर्वासितांसाठी १९२२ मध्ये प्रवासाचे ओळखपत्र सुरू केले. ते ‘नान्सेन पासपोर्ट’ म्हणूनच ओळखले गेले. त्याच वर्षी त्याला शांततेचे नोबेल मिळाले. ज्या सरकारांशी त्याला वाटाघाटी करायच्या होत्या, त्यांच्याकडे स्वतःची ओळख करून देण्याची वेळ त्याच्यावर आली नाही.